बारा एफची खिडकी: इंदूर ते बंगळूर प्रवासातील आसनवाटपाचे एक प्रकरण

इंदूरच्या लोकमान्य नगरातील एका मराठी कुटुंबाने डिसेंबर २०२४ मध्ये विमानाने बंगळूरला जायचे ठरवले. धाकट्या मुलाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. जाणारी माणसे सहा होती: चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी, त्यांचा थोरला मुलगा, सून, आठ वर्षांचा नातू, अकरा महिन्यांची नात आणि देवासला राहणारी आजींची मुलगी, म्हणजे मुलांची आत्या. जाताना इंदूरहून थेट बंगळूर आणि येताना नागपूरच्या नातेवाइकांकडे दोन दिवस थांबून इंदूर, असा बेत होता. या प्रवासात कुटुंबाने सीटच्या निवडीसाठी एकूण २,१०० रुपये मोजले आणि त्यांतले १,४०० रुपये अशा सीटांवर गेले, ज्यांवर त्यांच्यापैकी कोणीही बसले नाही. हे कसे घडले, ते नोंदवून ठेवावे असे मला वाटले.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून ओळखीच्या लोकांची तिकिटे काढून देण्याचा उद्योग मी हौसेने करतो. या कुटुंबाचा मी शेजारी. जातानाची तिकिटे माझ्या हातची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. येतानाच्या एका चुकीत मात्र माझाही वाटा आहे आणि तो पुढे येईल. कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. विमान कंपनीचे नाव देत नाही.

तिकिटे कशी निघाली

सहा माणसांची तिकिटे एका बैठकीत निघाली नाहीत, आणि पुढच्या बहुतेक गोंधळाचे मूळ इथे आहे. ऑक्टोबरमध्ये भाडे उतरलेले दिसले तेव्हा मुलाने घाईने स्वतःचे आणि पत्नीचे तिकीट काढले, तान्ह्या मुलीची नोंद मांडीवरचे बाळ म्हणून केली आणि त्या व्यवहाराचा एक पीएनआर तयार झाला. नातवाच्या परीक्षेचे वेळापत्रक शाळेने तोवर दिलेले नव्हते, आणि आजींच्या गुडघ्याचे दीड वर्षापूर्वी ऑपरेशन झालेले असल्यामुळे डॉक्टरांना एकदा दाखवून मगच त्यांचे ठरवावे असा विचार होता. त्या दोघांची तिकिटे नोव्हेंबरच्या मध्यात एकत्र निघाली. हा दुसरा पीएनआर. आत्याने देवासहून आपल्या फोनवर आपले तिकीट स्वतः काढले, हा तिसरा. विमान एकच, घर एकच, पण कंपनीच्या संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे गट होते आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

पीएनआर म्हणजे केवळ तिकिटाचा क्रमांक नव्हे. कोण कोणाबरोबर आहे हे विमान कंपनीला कळण्याचा तो जवळजवळ एकमेव मार्ग आहे. आडनाव सारखे असले, पत्ता एक असला किंवा पैसे एकाच कार्डावरून भरले असले, तरी आसने वाटणारी प्रणाली त्यावरून नाते जोडत नाही. शिवाय वेगवेगळे निघालेले पीएनआर नंतर एकत्र विलीन करून मिळत नाहीत. फार तर कंपनीला फोन करून प्रत्येक पीएनआरवर दुसऱ्याचा उल्लेख करणारी टीप घालून घेता येते, आणि ती टीप काउंटरवरच्या माणसाने वाचली तर तिचा उपयोग होतो. एका पीएनआरमध्ये सगळ्यांची तिकिटे काढल्याने भाडे थोडे वाढू शकते, कारण स्वस्त दराच्या दोनच जागा उरलेल्या असतील आणि पाच मागितल्या तर पाचही जागांना पुढचा, महाग दर लागतो. दोनदोन करून तिकिटे काढण्याची युक्ती त्यामुळेच लोकप्रिय आहे. ती युक्ती चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण बरोबर लहान मूल असेल तर तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

मुलाने वर्तमानपत्रात एक बातमी वाचलेली होती आणि तिच्यावर त्याची भिस्त होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना असा आदेश दिला की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी आणि त्याची नोंद ठेवावी. बातमीतला ‘मुलाला आईवडिलांजवळ’ हा भाग त्याच्या लक्षात राहिला आणि ‘त्याच पीएनआरवर’ हा भाग निसटला. त्यामुळे नातवासाठी सीट विकत घेण्याची गरज नाही, कंपनी त्याला आपोआप आईजवळ बसवील, असे त्याने गृहीत धरले. नातू आजींच्या पीएनआरवर होता. नियमाच्या भाषेत त्याच्या पालक आजी होत्या.

सीटचे पैसे हा प्रकारच मुळात लोकांना खुपतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीने वेब चेक-इन करताना सगळ्याच सीटांना शुल्क लावले तेव्हा मोठा गदारोळ झाला होता आणि मंत्रालयालाही त्याची दखल घ्यावी लागली होती. विमानतळावर मिळेल ती सीट फुकट घेता येईल, असा खुलासा त्या वेळी करण्यात आला. माझे मत असे की निवडीचे पैसे घेणे हा अन्याय नाही. ज्याला कुठेही बसायची तयारी आहे त्याने खिडकी हवी असणाऱ्याचा खर्च का उचलावा? पण हे शुल्क ऐच्छिक असले पाहिजे, प्रवाशाने स्वतः होऊन मागितले तरच लागले पाहिजे, हे डीजीसीएचे धोरण आहे, आणि तिकीट काढतानाचा संगणकावरचा पडदा मात्र असा रचलेला असतो की सीट निवडल्याशिवाय तिकीटच निघणार नाही असे नवख्याला वाटते. ‘पुढे जा’ हे बटण फिक्या अक्षरांत एका कोपऱ्यात असते. आत्याला ते सापडले. मुलाला सापडले नाही, आणि त्याने आपल्या व पत्नीच्या सीटांसाठी प्रत्येकी ३५० रुपये भरून ८ डी आणि ८ ई, म्हणजे आठव्या रांगेतली वाटेकडची आणि तिच्या शेजारची मधली सीट, घेतल्या.

त्याला खरे तर सातवी रांग हवी होती, परंतु सीटांच्या नकाशावर सातव्या रांगेची ती बाजू त्याच्यासाठी बंद दिसत होती, जरी तिथल्या दोन जागा रिकाम्या होत्या. महाग सीट खपवण्यासाठी कंपनीने केलेली ही लबाडी आहे, अशी त्याची पक्की समजूत झाली आणि ती त्याने मला दोनदा ऐकवली. कारण वेगळे होते. एअरबस ए३२० विमानात तीन सीटांच्या प्रत्येक गटाच्या डोक्यावर चार ऑक्सिजन मास्क असतात: तिघांचे तीन आणि मांडीवरच्या बाळासाठी एक जादा. एका गटात एकच बाळ बसू शकते. सातव्या रांगेत आधीच कोणाचे तरी बाळ होते, म्हणून दुसऱ्या बाळाच्या आईला तो गट मिळत नव्हता. एवढीशी गोष्ट त्या नकाशावर एका ओळीत लिहिली असती तर कंपनीला एक शिवी कमी बसली असती.

बारा एफ

आता आजींच्या सीटकडे येतो. आजींचे माहेर बडवाहचे. इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने जाताना मोरटक्क्याच्या पुलावर गाडी आली की नर्मदेला हात जोडून नाणे टाकायचे, हा त्यांचा सत्तर वर्षांचा नेम. इंदूरहून दक्षिणेला उडालेले विमान दहाएक मिनिटांत नर्मदा ओलांडते, आणि बंगळूरची सरळ रेषा नकाशावर काढली तर ती बडवाहच्या जवळूनच जाते. मुलाने हे त्यांना सांगितले होते. पहिलाच विमानप्रवास, त्यात वरून नर्मदा, म्हणून खिडकी हवी; आणि गुडघा वाकवून दोन तास बसवणार नाही, म्हणून पाय पसरायला जागा हवी. या दोन्ही गरजा पुरवणारी म्हणून नकाशावर ठळक रंगात दाखवलेली, जादा जागेची, आपत्कालीन दरवाजाजवळची १२ एफ ही सीट त्याने ९०० रुपयांना घेतली.

ही निवड तीन कारणांनी चुकीची होती, आणि तिन्ही कारणे तिकीट काढण्याच्या दिवशीच समजू शकली असती.

पहिले आणि सर्वांत गंभीर कारण सुरक्षेचे. ए३२० मध्ये पंखांवर उघडणारे चार आपत्कालीन दरवाजे असतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन. तिथे जास्त जागा असते ती पाय पसरण्यासाठी नव्हे, तर प्रसंग आलाच तर लोकांना त्या वाटेने बाहेर पडता यावे म्हणून. विमानाला प्रमाणपत्र मिळवण्यासाठी, निम्मेच दरवाजे वापरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावे लागते. ते दरवाजे उघडण्याचे काम त्या रांगेत बसलेल्या प्रवाशांवर येते, आणि म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया, मांडीवर बाळ असलेले पालक, चालायला मदत लागणाऱ्या व्यक्ती यांना तिथे बसवले जात नाही. सीट घेताना पडद्यावर याची घोषणा येते आणि ‘मी पात्र आहे’ या चौकोनात खूण करावी लागते. मुलाने ती न वाचता केली. आपण सगळेच अशा खुणा न वाचता करतो. पण ही खूण विम्याच्या बारीक अक्षरांसारखी नव्हती.

दुसरे कारण नर्मदेचे. आपत्कालीन दरवाजे पंखांवर उघडतात याचा अर्थ त्या खिडकीखाली पंख असतो. साधारण नवव्या-दहाव्या रांगेपासून अठराव्यापर्यंत खिडकीतून खाली पाहिले तर पांढरा पत्राच दिसतो. खाली पाहायचे असेल त्याने पंखाच्या पुढे किंवा पुरेसे मागे बसावे. बाजूची निवड मात्र योगायोगाने बरोबर झाली होती: सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डावीकडून, म्हणजे ए बाजूने येते आणि एफ बाजूची खिडकी उघडी ठेवता येते.

तिसरे कारण किरकोळ आहे. त्या विमानात १२ आणि १३ या दोन आपत्कालीन रांगा होत्या, आणि अशा जोडीतल्या पुढच्या रांगेच्या सीटची पाठ मागे झुकत नाही. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तिथे पायाशी पिशवीही ठेवू देत नाहीत. आजींची औषधांची, तपकिरी, कधीही हातावेगळी न होणारी पिशवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे महत्त्व कळेल.

या सीटचा चौथा परिणाम कोणाच्याच ध्यानात आला नाही. नातू आजींच्या पीएनआरवर होता, म्हणून नियमानुसार त्याला त्यांच्या शेजारी जागा मिळायला हवी होती. पण आपत्कालीन रांगेत लहान मुलाला बसवता येत नाही. दोन नियम असे एकमेकांवर आदळले आणि प्रणालीने त्यातून काहीच वाट काढली नाही. उड्डाणाच्या ४८ तास आधी वेब चेक-इन खुले झाले तेव्हा मुलाने पहाटे उठून ते केले आणि ज्या प्रवाशाने सीट निवडली नाही त्याला प्रणाली देते तशी एक सीट नातवाला मिळाली: २६ ई. मधली, शेपटीकडची, आजींपासून चौदा रांगा दूर. आत्याने उड्डाणाच्या आदल्या रात्री चेक-इन केले, तिला १९ बी मिळाली. तीही मधलीच. न निवडणाऱ्याच्या वाट्याला मधली सीट येते यात कट नाही. खिडकी आणि आइल, म्हणजे वाटेकडच्या सीटा, विकल्या जातात, मधल्या उरतात.

२६ ई पाहूनही मुलगा निर्धास्त होता. त्याचे शब्द असे होते, ‘‘काका, आत गेल्यावर करून घेऊ अदलाबदल. माणसंच आहेत शेवटी.’’

विमानतळावर आणि विमानात

देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर ही मंडळी उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचली. लांबून चालणे नको म्हणून आजींसाठी चाकाची खुर्ची ऐनवेळी मागितली. अशी मदत विनाशुल्क मिळते, परंतु तिची सूचना किमान ४८ तास आधी द्यावी असा नियम आहे. आधी न सांगितल्यामुळे पंचवीस मिनिटे थांबावे लागले. खुर्ची आली आणि तिच्या नोंदीबरोबर काउंटरवरच्या मुलीला १२ एफ दिसली. तिने ती सीट तत्काळ काढून घेतली, आणि तिने तेच करायला हवे होते. बदल्यात आजींना २६ डी दिली, म्हणजे नातवाच्या शेजारची आइलची जागा. आठ वर्षांचा मुलगा आता त्याच पीएनआरवरच्या पालकाजवळ बसला होता. डीजीसीएच्या आदेशाचे पालन अक्षरशः पूर्ण झाले होते आणि कुटुंबातला एकही माणूस समाधानी नव्हता, कारण दुखऱ्या गुडघ्याच्या आजींना पुढच्या दरवाजातून सव्वीसाव्या रांगेपर्यंत चालायचे होते.

विमानात जे घडले त्याचे वर्णन मुलाने, सुनेने आणि आत्याने मला वेगवेगळे केले. तिन्हींत जुळणारा भाग असा. मुलाने ८ एफवर बसलेल्या गृहस्थांना विनंती केली की त्यांनी २६ व्या रांगेत जावे, म्हणजे आजी खिडकीत बसतील. गृहस्थांनी नकार दिला. त्यांनी पैसे देऊन पुढची खिडकी घेतली होती आणि त्यांना दिली जात होती ती शेपटीकडची जागा. मुलाला हा माणुसकीचा अभाव वाटला, थोडा आवाज चढला, मागे रांग खोळंबली, कर्मचारी आली.

आपल्याकडे बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आणि रेल्वेत ‘जरा सरकून घ्या’ म्हणण्याची सवय जुनी आहे, आणि तिच्यात आपुलकीही आहे. विमानातही एके काळी हे चालत असे: २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनच्या विमानांत सुरुवातीला सीट क्रमांकच नसत, जो आधी चढेल तो हवी ती जागा घेई. सीट ही विकाऊ वस्तू झाल्यावर मात्र अदलाबदलीचा शिष्टाचार बदलला आहे. जी जागा मागायची तिच्या तोडीची किंवा तिच्याहून बरी जागा देता येत असेल तरच मागावी. मधल्या सीटवाल्याला आइल देऊ केली तर तो आनंदाने उठतो. खिडकीवाल्याला मधली देऊ करणे म्हणजे विनंती नव्हे, भीड घालणे आहे.

तोडगा शेवटी कर्मचारी मुलीने सुचवला आणि तो इतका साधा होता की सगळे ओशाळले. मुलाने स्वतःची ८ ई आजींना द्यावी आणि आपण २६ डीवर आपल्या मुलाशेजारी जाऊन बसावे. कुटुंबाकडे पाच सीटा होत्या. त्यांच्यातच फिरवाफिरव केली असती तर परक्या माणसाला एक शब्दही बोलावे लागले नसते. आजी सुनेजवळ बसल्या, बाळाला आळीपाळीने घेता आले, नातवाजवळ बाप होता. आत्या १९ बीवर दोन अनोळखी माणसांच्या मध्ये बसून राहिली आणि तिने याबद्दल तक्रारही केली नाही. १२ एफ इंदूरपासून बंगळूरपर्यंत रिकामी गेली.

नर्मदा दिसली नाही. उड्डाणानंतर काही मिनिटांत ८ एफवरच्या गृहस्थांनी खिडकीची झडप खाली ओढली आणि ते झोपले. आजींनी सुनेला हळूच विचारले, ‘‘बडवाह आलं असेल का गं?’’ आणि झडपेकडे पाहून हात जोडले.

तक्रार आणि तिचे उत्तर

बंगळूरला पोहोचल्यावर मुलाने कंपनीकडे दोन गोष्टींची लेखी तक्रार केली: १२ एफचे ९०० रुपये परत मिळावेत, आणि आठ वर्षांच्या मुलाला एकटी जागा का दिली याचा खुलासा व्हावा. आठवड्यात उत्तर आले नाही तेव्हा त्याने २०१६ पासून चालू असलेल्या सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तीच तक्रार नोंदवली, आणि मग उत्तर आले. पैशांबाबत कंपनीने नकार दिला. कंपनीने स्वतःच्या कारणाने सीट बदलली असती, उदाहरणार्थ विमानाचा प्रकार बदलला असता, तर शुल्क परत मिळाले असते. इथे प्रवाशाने पात्रतेची खोटी घोषणा केली होती. माझ्या मते हे उत्तर बरोबर आहे, आणि मुलाला ते मी तसेच सांगितले, ज्याबद्दल तो दोन दिवस माझ्यावर नाराज होता.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र कंपनीचे उत्तर मला पटले नाही. काउंटरवर मुलाला पालकाशेजारी जागा देण्यात आली, त्यामुळे नियमभंग झाला नाही, एवढेच त्यांनी कळवले. ती जागा मिळाली ती चाकाच्या खुर्चीमुळे, योगायोगाने. खुर्ची मागितली नसती तर आजी १२ एफवर आणि नातू २६ ईवर, असेच ते विमानात चढले असते. आठ वर्षांच्या मुलाचा एकमेव सहप्रवासी आपत्कालीन रांगेची सीट विकत घेत असताना त्याला तिथेच सावध करणे संगणकाला अवघड नाही. मुलाचे वय त्याला माहीत होते. बाळाच्या मास्कचा हिशेब तो न चुकता ठेवतो, तसा हाही ठेवता आला असता.

याच पत्रव्यवहारात एक जुना प्रश्न निघाला. करोनाच्या काळात, २५ मे २०२० रोजी देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली तेव्हा वेब चेक-इन सक्तीचे झाले आणि काही कंपन्या काउंटरवर बोर्डिंग पास देण्याचे वेगळे पैसे घेऊ लागल्या. जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाने ते पैसे घेता येणार नाहीत असे स्पष्ट केले. अनेकांना हे अजून माहीत नाही. ज्यांच्या प्रवासात लहान मूल, आजारी माणूस किंवा फुटलेला पीएनआर आहे त्यांनी वेब चेक-इनमध्ये नको ती सीट आली तर घाबरून पैसे भरण्याऐवजी विमानतळावर लवकर जाऊन काउंटरवरच्या माणसाला सगळे नीट सांगावे, असा माझा अनुभव आहे. मात्र तिथे शेवटच्या तासाला गेलात तर त्याच्या हातातही काही उरलेले नसते.

परतीचा प्रवास

परतीच्या आठ दिवस आधी मुलाचा मला फोन आला आणि या वेळी मी लक्ष घातले. तिन्ही पीएनआरवर एकमेकांचा उल्लेख करून घेतला, आजींच्या खुर्चीची सूचना वेळेत नोंदवली, आणि चेक-इन खुले होताच मुलगा व आत्या दोघांनी फोनवर बोलत एकाच वेळी सीटा पाहून जवळजवळच्या मोफत जागा धरल्या. मागच्या भागात अशा जागा त्या वेळी असतात. बंगळूर ते नागपूर हा प्रवास इतका सुरळीत झाला की त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

नागपूर ते इंदूर या टप्प्यासाठी मुलाने तिकीट काढतानाच आजी आणि नातवाला दुसऱ्या रांगेतल्या दोन सीटा, प्रत्येकी २५० रुपये देऊन, घेऊन ठेवल्या होत्या. पुढची रांग म्हणजे कमी चालणे, हे मलाही बरोबर वाटले आणि मी त्या तशाच ठेवायला सांगितल्या. विमानाचा प्रकार तिकिटावर छापलेला होता. तो मी वाचला नाही. ते एटीआर ७२ होते, पंख्यांचे छोटे विमान, ७८ सीटांचे, दोन-दोन अशा रांगांचे. या विमानात मधली सीट नसते, ही त्याची मोठी सोय. पण प्रवासी त्यात मागच्या दरवाजाने चढतात. पुढच्या बाजूला सामान भरतात. म्हणजे दुसऱ्या रांगेत बसणाऱ्याला सबंध विमान ओलांडून जावे लागते. त्याशिवाय पुढच्या अर्ध्या भागात पंख्यांचा आवाज जास्त. नागपूरच्या काउंटरवर आजींची खुर्ची पाहून तिथल्या माणसाने हे समजावून सांगितले आणि दोघांना मागे, सतराव्या रांगेत, उजवीकडच्या दोन सीटा दिल्या. ५०० रुपये बुडाले. ते माझ्या खात्यावर लिहावेत.

विमान अर्ध्याहून अधिक रिकामे होते. आत्याला पुढे एक पूर्ण मोकळी रांग दिसली, ती उठली, आणि कर्मचाऱ्याने तिला उड्डाण होईपर्यंत जागेवरच बसायला सांगितले. छोट्या विमानात माणसे कुठे बसली आहेत यावरून तोल मोजलेला असतो. कमी गर्दीच्या वेळी मोकळ्या रांगा सोडून प्रवासी ठरावीक भागांत बसवलेले दिसतात ते यामुळेच. वर गेल्यावर परवानगी मिळाली आणि तिने जाताना न मिळालेली खिडकी येताना घेतली.

एटीआरचे पंख छताच्या पातळीवर असतात, त्यामुळे जवळजवळ कुठल्याही खिडकीतून सरळ खाली जमीन दिसते, आणि हे विमान उडतेही मोठ्या जेट विमानांपेक्षा खालून. दुपारची वेळ होती, ऊन डावीकडे होते. नातवाने खिडकी आजींना दिली; दिली म्हणण्यापेक्षा बापाने चॉकलेटच्या बोलीवर ती सोडवून घेतली. उतरण्याच्या थोडे आधी खाली पाणी दिसू लागले, आणि ते संपेना. आजींनी नर्मदे हर म्हणत हात जोडले, आणि पिशवीतून नाणे काढून ते कुठे टाकावे हे न कळून मुठीत धरून ठेवले.

घरी आल्यावर मी नकाशा काढून पाहिला. नागपूरहून इंदूरला येणारी रेषा नर्मदेला बडवाहजवळ नव्हे, बरेच वर पूर्वेला, पुनासाच्या इंदिरा सागर जलाशयावर ओलांडते. डिसेंबरमध्ये तो भरलेला असतो, म्हणून एवढे पाणी. हे मी आजींना सांगितले. त्यांनी ते मान्य केले नाही. मोरटक्क्याचा पूल आपण स्वतः पाहिला, त्यावर एक पांढरी गाडीसुद्धा जात होती, असे त्या आजही सांगतात.